फौज मोठी, पण हातात किती? (आरटीएसमधले युनिटांचे गट)

लष्कराच्या_भाकऱ्या

रिअल टाइम स्ट्रॅटेजी (आरटीएस, म्हणजे पाळी न घेता, घड्याळ चालू असतानाच फौज हाकायचे संगणकी खेळ) खेळांवर इथे अधूनमधून धागे निघतात, पण ते बहुतेक "कुठली बाजू तगडी" आणि "नव्या पॅचने कशी वाट लावली" याच्यापुढे जात नाहीत. हातातल्या फौजेला हुकूम कसे द्यायचे यावर कुणी फारसं लिहीत नाही. ट्यूटोरियलही एवढंच सांगतं: युनिटं (शिपाई, रणगाडे वगैरे) निवडा, कंट्रोल दाबून १ दाबा, झाला गट. पण कुठली युनिटं एकत्र ठेवायची, कुठली वेगळी, गट मोडायचा कधी, याबद्दल चकार शब्द नाही.

आधी थोडा इतिहास. १९९२ च्या 'ड्यून टू'मध्ये एका वेळी एकच युनिट निवडता यायचं. दहा रणगाडे पुढे न्यायचे तर दहादा निवडा आणि दहादा हुकूम द्या. १९९४ च्या पहिल्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये ही संख्या चार झाली, 'वॉरक्राफ्ट टू'मध्ये नऊ, आणि १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट'मध्ये बारा. यंत्रांना तेव्हा झेपत नव्हतं म्हणून असं होतं, हा समज चुकीचा आहे. वॉरक्राफ्टवर काम केलेल्या पॅट्रिक वायट यांनी नंतर लिहिलंय की सुरुवातीला कितीही युनिटं निवडता येत होती. चारची मर्यादा टीममध्ये बरीच वादावादी होऊन मुद्दाम घातली. खेळाडूने झुंडच्या झुंड अंगावर सोडण्यापेक्षा मांडणीकडे लक्ष द्यावं, हा हेतू. पुढे २०१० मध्ये 'स्टारक्राफ्ट टू'ने मर्यादा जवळपास काढूनच टाकली आणि लोक सगळी फौज एका आकड्यावर बांधून मोकळे झाले. आता तर 'सगळं सैन्य निवडा' अशी स्वतंत्र कीच आहे. ती की म्हणजे सोय आहे की सापळा, यावर वेगळा धागा निघेल.

माझं म्हणणं एवढंच: गट युनिटाच्या जातीवरून बांधू नका, हुकमावरून बांधा. ज्या दोन प्रकारांना लढाईत वेगळा हुकूम द्यायची वेळच येत नाही, ते एका गटात सुखाने नांदू शकतात. ज्यांना वेगळ्या जागी उभं राहायचंय किंवा वेगळ्या क्षणी काही करायचंय, त्यांना वेगळा आकडा.

उदाहरणार्थ स्टारक्राफ्ट टूमधली टेरनची (माणसांच्या बाजूची) नेहमीची फौज घ्या: मरीन आणि मरॉडर हे पायदळ, मेडिव्हॅक हे उडते दवाखाने, आणि सीज टँक. मरीन आणि मरॉडर एकत्र. मेडिव्हॅकही त्यांच्यातच चालतात, पण एका अटीवर: हुकूम ॲटॅक-मूव्हचा (वाटेत लढत पुढे जा) हवा. तसा दिला तर मेडिव्हॅक जखमी दिसला की थांबून बरं करतात. साधा मूव्ह दिला तर ते मरीनपेक्षा वेगाने उडत पुढे निघून जातात आणि शत्रूच्या तोफांवर सगळ्यात आधी तेच पोचतात, तेही रिकामे. टँक मात्र वेगळ्या गटात, कारण ते मागे थांबून बूड टेकतात आणि त्यांची जागा तुम्हीच ठरवायची असते. ड्रॉपला (शत्रूच्या तळात शिपाई उतरवायला) पाठवलेली दोन मेडिव्हॅक तिसऱ्या आकड्यावर. बस, लढाईपुरते तीन गट पुरतात.

तुम्ही लोक कसे बांधता?

कोरी_पाटी

चांगला धागा. मी 'एज ऑफ एम्पायर्स टू'चा डेफिनिटिव्ह एडिशन खेळतो, ऑनलाइन नुकताच उतरलोय. माझी शंका तुमच्या 'तीन गट पुरतात' या वाक्यातूनच निघते. नाइट (घोडेस्वार), क्रॉसबोवाले आणि रॅम (तटबंदी फोडायचे ओंडके) असे तिघे एका गटात घातले तर सगळे रॅमच्या चालीने रांगतात. तीन गट केले तर नाइट आधी पोचतात, मग तिरंदाज, आणि रॅम येईपर्यंत खेळ आटोपलेला असतो. हुकमावरून गट म्हणाल तर तिघांचे हुकूम वेगळेच आहेत. मग?

मुंगीरांग

कोरी_पाटी, गट तीनच ठेवा, पण गाठायची जागा एक ठेवा. शत्रूच्या तळाबाहेर, त्याच्या टेहळणीच्या पल्ल्याच्या थोडं अलीकडे एक बिंदू ठरवायचा. तिघांनाही तिथे साधा मूव्ह. रॅम सर्वांत आधी निघतील, घोडे शेवटी. सगळे जमले की तिथून खरा हल्ला.

हे का, तर गणित फार निष्ठुर आहे. लँचेस्टर नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९१६ च्या सुमाराला मांडलेला वर्गाचा नियम आहे. जिथे प्रत्येक जण प्रत्येकावर गोळी झाडू शकतो, तिथे फौजेची ताकद संख्येच्या नव्हे, संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात चालते. समजा दोघांकडे अगदी सारखे दहा-दहा तिरंदाज आहेत. त्याचे दहा एकत्र, तुमचे पाच आधी आणि पाच मागून. पहिल्या चकमकीत १०० वजा २५, म्हणजे ७५. त्याचं वर्गमूळ ८.६६, म्हणजे तुमचे पाच खल्लास करून त्याचे साडेआठ-एक शिल्लक. आता तुमचे पुढचे पाच येतात: ७५ वजा २५, म्हणजे ५०. वर्गमूळ सात. तुमचे दहाच्या दहा गेले आणि त्याचे फक्त तीन. फौज तेवढीच, सोनं तेवढंच, फरक फक्त पोचण्याच्या वेळेचा.

म्हणून मी तर म्हणेन की गट-नियंत्रणातला नव्वद टक्के भाग लढाई सुरू व्हायच्या आधीच संपलेला असतो. (नव्वद हा आकडा माझ्या मनाचा, मोजायला बसू नका.)

एक पुस्ती. हा नियम लांबून मारणाऱ्यांना लागू. हातघाईत, अरुंद वाटेत, जिथे पुढच्या रांगेतलेच लढू शकतात, तिथे वर्ग गळून पडतो आणि हिशोब साध्या संख्येचा उरतो. म्हणूनच कमी फौजवाल्याने चोकमध्ये उभं राहायचं आणि जास्त फौजवाल्याने मोकळं मैदान शोधायचं.

ढालगज

मुंगीरांग यांच्या गणिताला +१. धागाकर्त्यांशी मात्र अर्धीच सहमत.

मी अजूनही मुख्यतः 'ब्रूड वॉर' (पहिल्या स्टारक्राफ्टची पुरवणी) खेळते. तिथे बाराची मर्यादा असल्यामुळे "हुकमावरून गट" ही चैन परवडत नाही. चाळीस हायड्रालिस्क (लांबून मारणारं पायदळ) म्हणजे चार गट, आणि चौघांचा हुकूम एकच: जा आणि मारा. तिथे गट बांधायचा तो जागेवरून. एकमेकांजवळ उभे असलेले बारा एका आकड्यावर. म्हणजे १ दाबून क्लिक, २ दाबून क्लिक, असं करत गेलं की फौज आपोआप चार तुकड्यांत, आडव्या रांगेत पुढे सरकते. प्रकारावरून बांधलेत तर एकाच गटातला एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, आणि हुकूम दिला की सगळे एकमेकांच्या वाटेत. ड्रॅगून नावाचं यंत्र ज्यांनी हाकलंय त्यांना जास्त सांगायला नको. उतारावर तीन ड्रॅगून अडकले की चौथा उलट्या दिशेने फिरायला निघतो.

आणि मर्यादेतूनच गमती निघाल्या. म्युटालिस्कची युक्ती माहितीये ना? अकरा म्युटालिस्क (उडणारे हल्लेखोर) आणि बारावा लांब कुठेतरी लोंबकळणारा ओव्हरलॉर्ड (संथ, न लढणारा उडता प्राणी), असा गट. खेळाच्या पोटात एक अदृश्य चौकट असते, तिला 'मॅजिक बॉक्स' म्हणतात. गटातले सगळे त्या मापाच्या चौकटीत मावत असतील तर चालताना ते आपापसातलं अंतर राखतात. मावत नसतील तर सगळे नेमक्या क्लिकच्या बिंदूकडे धावतात. लांबच्या ओव्हरलॉर्डमुळे गट चौकटीत मावत नाही, आणि मग अकरा म्युटालिस्क एकावर एक चढून एकाच ठिपक्यासारखे उडतात. समोरच्याला त्यातला एक निवडून मारणं महाकठीण, आणि अकरा जणांचा मारा एकाच वेळी एकाच मरीनवर. आता मला सांगा, हा गट हुकमावरून झाला की प्रकारावरून? ओव्हरलॉर्डला तर हुकूम पाळायचाच नाहीये!

लष्कराच्या_भाकऱ्या

ढालगज, मान्य. बाराच्या मर्यादेत जागा हाच मुख्य निकष. ओव्हरलॉर्डचं उदाहरण वकिली आहे, पण आवडलं :)

मजा म्हणजे स्टारक्राफ्ट टूमध्ये याच नावाची युक्ती उलट कामाला येते. तिथे गट व्यापून असलेल्या चौकटीच्या बाहेर मूव्ह दिला तर उडणारी युनिटं अंतर राखून सरकतात. आत क्लिक केलं तर गोळा होतात. थॉर (टेरनचं अवजड यंत्र) हवेत मारतो तेव्हा आजूबाजूच्यांनाही इजा होते, म्हणून म्युटालिस्क आधी पसरवायचे आणि ॲटॅकऐवजी साध्या मूव्हने थॉरच्या डोक्यावर आणून थांबवायचे. थेट ॲटॅक दिला की सगळे एका पुंजक्यात येतात आणि थॉरचं काम सोपं करतात.

कोरी_पाटी

तुम्ही लोक ॲटॅक-मूव्ह, मूव्ह, थांबवणं हे इतक्या सहज लिहिताय. कधी काय द्यायचं ते एकदा नीट लिहाल का? आणि बोटांचं काय? सातवा, आठवा आकडा माझ्या हाताला लागतच नाही.

लष्कराच्या_भाकऱ्या

साधा मूव्ह म्हणजे "काहीही झालं तरी तिथे जा". वाटेत कुणी मारलं तरी युनिट उलटून मारत नाही. पळ काढताना, जमायच्या जागी जाताना, शत्रूच्या अंगावरून पुढे धावून त्याला वेढायचं असेल तेव्हा हा. ॲटॅक-मूव्ह म्हणजे "तिकडे जा, वाटेत कुणी दिसलं तर थांबून मार". नवख्या माणसाने शंका आली की हाच द्यावा. स्टारक्राफ्टमध्ये ए दाबून जमिनीवर क्लिक. तुमच्या एज टूच्या १९९९ च्या मूळ खेळात तो नव्हता, लोक पेट्रोल (गस्तीचा हुकूम) देऊन भागवायचे. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये आहे, हॉटकीच्या यादीत बघून हाताजवळची की लावून घ्या. तिसरा होल्ड, किंवा तुमच्याकडचा स्टँड ग्राउंड: "जागा सोडू नका, पल्ल्यात येईल त्याला मारा". चोक अडवायला, किंवा तिरंदाज एखाद्या धावत्या घोड्यामागे भुलून जाऊ नयेत म्हणून.

बोटांबद्दल: ७, ८, ९, ० विसरा. सगळ्या मोठ्या खेळांत की बदलता येतात. १ ते ५ मध्ये फौज आणि कारखाने मावतात. मी १, २, ३ लढाऊ, ४ वर युनिटं काढणाऱ्या सगळ्या इमारती आणि ५ वर मुख्य तळ असं ठेवतो. इमारतींना गट देणं नवे लोक टाळतात, पण लढाई चालू असताना पडद्यावरची नजर न हटवता नवी युनिटं रांगेत लावता येणं यासारखं सुख नाही. लढाई जिंकली आणि मागे कारखाने रिकामे, म्हणजे पुढची लढाई हरलीच.

बाकी कीची कसरत थोडक्यात. कंट्रोल आणि आकडा म्हणजे नवा गट, जुना पुसून. शिफ्ट आणि आकडा म्हणजे आहे त्या गटात भर. आकडा दोनदा दाबला की कॅमेरा गटावर जातो. एखाद्या युनिटवर डबल क्लिक केलं की पडद्यावरची त्याच्या जातीची सगळी निवडली जातात. शिफ्ट धरून क्लिक केलं की निवडीतून एक वजा. स्टारक्राफ्ट टूमध्ये ऑल्ट आणि आकडा म्हणजे "नव्या गटात घे आणि जुन्या गटातून काढ". ड्रॉपसाठी मुख्य फौजेतून आठ मरीन उचलताना हे फार उपयोगी, नाहीतर पुढच्या वेळी १ दाबून क्लिक केलं की ड्रॉपवरचे मरीनही अर्ध्यातून परत यायला निघतात.

कॅमेऱ्याच्या जागा साठवायच्या कीही आहेत. मोजके लोक वापरतात, का कोण जाणे.

खडखडाट

सगळं वाचलं. माफ करा, पण हे सगळं बोटांच्या कवायतीचं कौतुक चाललंय. नावात स्ट्रॅटेजी आहे ना? सेनापतीने प्रत्येक शिपायाला "आता एक पाऊल मागे, आता गोळी झाड" असं सांगायचं असतं का? हे काम यंत्राने करावं आणि माणसाने विचार करावा.

'सुप्रीम कमांडर' (२००७) बघा. माउसच्या एका चाकावर अख्खा नकाशा दिसेल एवढं मागे जाता येतं. हुकमांची साखळी शिफ्ट धरून लावा आणि विसरा. त्याच परंपरेतला फुकट मिळणारा 'बियाँड ऑल रीझन' बघा: उजवं बटण दाबून धरायचं, जमिनीवर रेघ ओढायची, निवडलेली सगळी युनिटं त्या रेघेवर समान अंतराने उभी राहतात. ढालगज चार गट करून जी आडवी रांग मिळवतात ती इथे एका फटकाऱ्यात. शिवाय एखाद्या जातीला आकडा नेमून दिला की कारखान्यातून निघणारं त्या जातीचं प्रत्येक नवं युनिट आपोआप त्या गटात. मग बोटं मोडण्यात कसली मर्दुमकी?

ढालगज

मर्दुमकीचा प्रश्नच नाही, मी बाई आहे :)

खडखडाट, तुमचा मुद्दा जुना आहे आणि अर्धा खरा आहे. पण "यंत्राने करावं" म्हटल्यावर काय होतं ते २०१९ च्या जानेवारीत दिसलं. डीपमाइंड कंपनीच्या अल्फास्टार या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामने माना या व्यावसायिक खेळाडूला स्टारक्राफ्ट टूमध्ये ५-० हरवलं. त्यातला एक डाव आठवा: यंत्राकडे जवळजवळ नुसते स्टॉकर (चपळ, चालते लढवय्ये), मानाकडे इमॉर्टलवाली (अवजड यंत्रांची) फौज. इमॉर्टल हा स्टॉकरचा काळ मानला जातो. यंत्राने स्टॉकर तीन बाजूंनी आणले, आणि ज्याचं कवच संपत येईल तेवढा एक ब्लिंक करून (क्षणात जागा बदलून) मागे घेतला, तीनही ठिकाणी एकाच वेळी. डावपेच म्हणून त्यात फार काही नव्हतं, होता तो निव्वळ हात. लोकांनी आरडाओरडा केला, कारण त्या क्षणांत मिनिटाला हजारावर क्रिया चालल्या होत्या आणि कॅमेरा हलवत बसायची अडचणही त्याला नव्हती. पुढे कॅमेरा हलवायची सक्ती असलेल्या आवृत्तीला मानाने हरवलं. त्याच वर्षी नंतर जी आवृत्ती ग्रँडमास्टर पातळीला पोचली तिला दर पाच सेकंदांत बावीस क्रियांची मर्यादा होती.

सांगायचं काय, तर हुकूम देण्याचा वेग आणि लक्ष हीसुद्धा या खेळांतली साधनसंपत्तीच आहे, सोन्या-लाकडासारखी. ती फुकट केली तर डावपेचांची किंमतच बदलते. तुमचा रेघ ओढण्याचा मार्ग मला आवडतो, पण रेघ कुठे आणि केव्हा ओढायची याला लक्ष लागतंच.

चौथा_कोपरा

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. वर अडकणाऱ्या ड्रॅगूनचा उल्लेख आला म्हणून.

युनिटं दारात का अडकतात हे कळलं की गट बांधणं सुधारतं. एका युनिटाला वाट शोधून द्यायला १९६८ पासून ए-स्टार नावाची पद्धत आहे आणि ती उत्तम चालते. अडचण पन्नास युनिटांची. प्रत्येकाने स्वतःपुरती सर्वांत जवळची वाट शोधली की सगळ्यांची वाट एकच निघते, आणि बाकीचे एकोणपन्नास हलते अडथळे होतात. यावर दोन प्रकारचे उपाय झाले. एक म्हणजे क्रेग रेनॉल्ड्स यांनी १९८७ मध्ये पक्ष्यांच्या थव्यासाठी मांडलेले तीन नियम: शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेने चला, घोळक्यापासून तुटू नका. दुसरा 'फ्लो फील्ड': प्रत्येक युनिटाला वाट देण्याऐवजी जमिनीच्या प्रत्येक चौकोनालाच दिशा द्यायची आणि सगळ्यांनी त्या प्रवाहाने जायचं. 'सुप्रीम कमांडर टू'मध्ये (२०१०) हा वापरलाय.

याचा खेळाडूला उपयोग काय? एक, ज्या खेळात थव्याचे नियम आहेत तिथे फौज स्वतःहून दाट गोळा होते, आणि पसरवून मारणाऱ्या शस्त्राला आयती सापडते. दोन, अरुंद दारातून पन्नासचा गट एका हुकमात पाठवू नका. दाराच्या अलीकडे एक, पलीकडे एक असे शिफ्टचे टप्पे द्या, निम्मे आधी, निम्मे दोन सेकंदांनी. पलीकडचा टप्पा दारापासून जरा दूर हवा. नाहीतर पुढचे तिथेच थांबतात आणि मागचे दारात.

कोरी_पाटी

हे भारी. पसरवण्यावरून विचारतो: समोर मँगोनेल (दगड फेकणारं यंत्र) आला की माझे क्रॉसबोवाले एका दगडात जातात. कॉन्केव्ह, स्प्लिट हे शब्द ऐकतो, करायचं कसं?

ढालगज

एज टू मी कमी खेळते, पण तत्त्व सगळीकडे सारखं आहे.

कॉन्केव्ह म्हणजे शत्रूभोवती कमान. वर मुंगीरांग यांनी जो वर्ग सांगितला तो तुमचे सगळे मारू शकत असतील तरच लागू होतो. लांबलचक रांगेत चालत गेलात तर पुढचे पाच लढतात, मागचे पंचवीस त्यांच्या पाठीकडे बघत उभे. म्हणून धडकेच्या क्षणभर आधी गट थांबवा, दोन्ही कडांची युनिटं चौकटीने पकडून बाजूला सरकवा, मग ॲटॅक-मूव्ह. याला दीड-दोन सेकंद लागतात, पण लढाईत पुढे कितीही चपळाई केली तरी ते परत मिळत नाहीत.

स्प्लिटची रीत अशी: गट पळवा. पळता पळता निम्मे पकडून एका बाजूला मूव्ह. उरलेल्यांतले निम्मे दुसऱ्या बाजूला. पुन्हा निम्मे. एकेक वेचत बसू नका, मोठ्या तुकड्यांपासून सुरुवात करा. बेनलिंगसमोर (अंगावर येऊन फुटणारे प्राणी) मरीनचं हेच करतात. त्याहून सोपं म्हणजे लढाईआधीच पसरवून उभं राहणं, ते करताना घाम येत नाही.

काइटिंगही (मारत मारत मागे सरकणं) त्याच कुळातलं. प्रत्येक शस्त्राला दोन माऱ्यांमध्ये विश्रांती असते. स्टारक्राफ्ट टूच्या मरीनची साधारण ०.६१ सेकंद, स्टिम (वेग वाढवणारं उत्तेजक) घेतला की आणखी कमी. तेवढ्या वेळात उभं राहण्यापेक्षा दोन पावलं मागे सरकायचं, मग पुन्हा ॲटॅक-मूव्ह. हातघाईवाला शत्रू धावत राहतो आणि गोळ्या खात राहतो. मात्र गोळी सुटायच्या आत मूव्ह दिला तर गोळी सुटतच नाही. कान लावा, आवाज झाला की हलवा. आणि समोरच्याचा पल्ला तुमच्यापेक्षा लांब असेल तर मागे सरकून उगाच फुकट मार खाल. तिथे उलट पुढे घुसायचं.

मुंगीरांग

एकावर नेम धरण्याबद्दलही लिहा कुणीतरी. नवे लोक तीस जणांना एकाच शत्रूवर क्लिक करून सोडतात. ज्यांची गोळी उडत जाते, त्यांचे तीस बाण हवेत असतात आणि शत्रू चौथ्या बाणात मेलेला असतो. सव्वीस वाया. ब्रूड वॉरच्या टँकांची ही खोड प्रसिद्ध: एक झर्गलिंग (सगळ्यात स्वस्त प्राण्यांपैकी एक) पुढे पाठवला की अर्धी बॅटरी त्याच्यावर रिकामी. स्टारक्राफ्ट टूमध्ये टँकांना हे टाळता येतं. तेव्हा सगळी फौज मोठ्या, चिवट लक्ष्यावर. चिल्लर लक्ष्यांवर नेम फौजेला स्वतःच निवडू दे.

लष्कराच्या_भाकऱ्या

कोरी_पाटी, एज टूपुरतं मी सांगतो. मँगोनेल दिसला की क्रॉसबोच्या गटाला फ्लँक फॉर्मेशन द्या. गट मधोमध दुभंगतो आणि दगड मधल्या रिकाम्या जागेत पडतो. पडला की पुन्हा लाइन. ही दोन बटणं एकमेकांशेजारच्या कीवर आणून ठेवा. दगड हवेत बराच वेळ असतो, तेव्हा त्याच्या वाटेला आडवं पळणंही चालतं. बाणांचंही तसंच, पण समोरच्याने युनिव्हर्सिटी या इमारतीत बॅलिस्टिक्स ही सुधारणा घेईपर्यंतच. ते झालं की बाण तुमच्या पुढच्या जागेवर नेम धरून येतात आणि आडवं पळून फायदा नाही.

रॅमचा प्रश्न तुम्ही विचारला होतात: एज टूमध्ये एकत्र चालणारा गट सगळ्यात संथ युनिटाच्या चालीने जातो. स्टारक्राफ्टमध्ये प्रत्येक जण आपापल्या वेगाने सुटतो. दोन्हींचे तोटे आहेत, म्हणून मुंगीरांग म्हणतात तसं जमायची जागा हाच दोन्हीकडे चालणारा तोडगा. आणि गटाची कमाल संख्या बघा, मूळ खेळात चाळीस होती, आता साठ. त्यावरचे निवडीतच येत नाहीत, आणि घाईत ते मागे राहिलेले कळतही नाही.

घोड्यांना स्वभावाची सेटिंगही बघून घ्या. नवी युनिटं ॲग्रेसिव्ह निघतात, म्हणजे दिसेल त्याच्या मागे लांबवर धावतात. छापा घालून परतलेला गट डिफेन्सिव्हवर टाकला नाही तर तुम्ही शेतं लावत असताना तो समोरच्याच्या किल्ल्याखाली जाऊन मरतो.

खडखडाट

हे वाचून मला 'कंपनी ऑफ हीरोज'च बरा वाटतो. तिथे मुळात एक युनिट म्हणजेच एक तुकडी. भिंतीआड बसा म्हटलं की शिपाई आपापला आडोसा शोधतात, आणि फारच तापलं तर माघारीची एक की: तुकडी सगळं सोडून तळाकडे पळते आणि पळताना तिला मारही कमी लागतो. खेळाडूकडे हाकायला आठ-दहा तुकड्या. दीडशे मरीन नाहीत.

चौथा_कोपरा

आणि त्या आठ-दहा तुकड्यांत मशीनगनचं तोंड कुठल्या दिशेला ठेवायचं यावर लोक रात्र-रात्र भांडतात. काम कमी झालं नाही हो, दुसरीकडे गेलं.

खडखडाट

हे मात्र खरं. मशीनगनवर बोलू नका, जखम ताजी आहे.

कोरी_पाटी

शेवटची शंका. लढाई चालू असताना मागून येणाऱ्या नव्या युनिटांचं काय करता? रॅली पॉइंट (कारखान्यातून निघालेली युनिटं आपोआप जातात ती जागा) सरळ फौजेवर लावला तर एकेक करून वाटेत मरतात. तळावर लावला तर गटात घालायचं राहून जातं आणि खेळ संपेपर्यंत तिथेच उभी.

मुंगीरांग

रॅली ना फौजेवर ना दारात, अधल्यामधल्या सुरक्षित जागी. तिथे कॅमेऱ्याची जागा साठवून ठेवा. तेवढी एक की दाबली, चौकट ओढली, शिफ्ट-१, आणि जमायच्या बिंदूकडे मूव्ह. दहा-बारा जमल्याशिवाय हलवू नका, वरचं वर्गाचं गणित इथेही तेच आहे. मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) त्या जागी ठिपक्यांचा पुंजका मोठा दिसला की समजायचं, वेळ झाली.

ढालगज

स्टारक्राफ्ट टूमध्ये झर्ग (अंड्यांतून फौज काढणारी बाजू) खेळत असाल तर आणखी एक सोय. अंडं फुटायची वाट बघायची गरज नाही, अंडंच निवडून शिफ्ट-१ करा. आतून जे निघेल ते आधीच गटात असतं. फक्त १ दाबून हुकूम देताना लक्षात ठेवा की नवजात मंडळीही तळावरून एकटीच निघतील.

कोरी_पाटी

म्हणजे पुन्हा जमायची जागा! बरं, आज रात्री रॅमना आधी हाकलतो, बघू.